माजघर, ओसरी, अंगण, बाहेर

सकाळी सहाला फोन वाजला की माझी रूममेट उशीखाली डोकं घालून म्हणायची, "तुझ्या सरांच्या देशात कुणीतरी फुटलं वाटतं, यार. उचल एकदाचा." मी उचलला की पलीकडून नमस्कार नाही, नाव नाही, थेट बातमी. "उठली का? मच्छीमारांचा पक्ष ओसरीवरून अंगणात आला! लवकर ये, पोहे टाकलेत!" आणि फोन बंद. पोहे सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी टाकायचे असायचे, आणि बहुतेक वेळा काकूंना ते अजून माहीतही नसायचं.

सर डेट्रॉइटच्या एका विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचे. मूळचे अमरावतीकडचे. मी नागपूरची, दोन हजार चार साली त्यांच्या हाताखाली पीएचडी करायला आले. त्याच्या थोडंच आधी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या देशात लष्करानं सत्ता घेतली होती. देशाचं नाव सांगत नाही, कारण या हकिकतीतल्या एका माणसाचे भाऊबंद अजून तिथेच आहेत. एका जनरलनं संसद बरखास्त केली आणि मग जगाला तोंड दाखवायचं म्हणून पक्षांना हळूहळू पुन्हा परवानगी द्यायला सुरुवात केली. सर त्या देशात कधीही गेले नव्हते. तिथल्या उकाड्यात आपला रक्तदाब टिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण बोलताना कायम 'आपला देश'. एकदा कुणाच्या तरी घरी जेवायला गेले असताना ते यजमानांना म्हणाले, "आपल्या देशात या महिन्यात तीन नवे पक्ष निघाले." यजमान म्हणाले, "निघणारच. पैसा कमी आहे का लोकांकडे!" मग श्रीखंड येईपर्यंत दोघं दोन वेगवेगळ्या देशांबद्दल तावातावानं बोलत राहिले आणि शेवटी दोघांचं एकमत झालं.

त्या देशातल्या पक्षांचं वर्गीकरण करणं हे त्यांचं काम होतं, आणि मी आल्यावर माझंही झालं. त्यांची पद्धत सांगायला सोपी होती. "लष्कर आलं की घर त्याचं झालं," ते वर्गात टेबलावर हात आपटून सांगायचे. "मग पक्षाला डावा की उजवा हे विचारू नका. ते नंतर. आधी विचारा, याला घरात कुठपर्यंत येऊ देतात?" जनरलनं स्वतः काढलेले किंवा ज्यांच्या लोकांना मंत्रिपदं मिळाली ते पक्ष माजघरातले. ज्यांना बोलावून चहा पाजतात, पण आत घेत नाहीत, ते ओसरीवरचे. ज्यांना आरडाओरडा करायची मुभा असते, पण कुंपणाच्या आत, ते अंगणातले. आणि ज्यांच्यावर बंदी, ज्यांची माणसं तुरुंगात नाहीतर परदेशात, ते बाहेरचे. इंग्रजी निबंधांत या चारांना रुक्ष नावं होती. पण डेट्रॉइटजवळ ट्रॉयमधल्या त्यांच्या घरी सगळा कारभार मराठीत चालायचा.

आणि तो चालायचा तळघरात, पिंगपाँगच्या टेबलावर. मुलासाठी आणलेलं टेबल. मुलगा कॅलिफोर्नियाला गेला आणि टेबलावर आफ्रिका आली. प्रत्येक पक्षाचं एक कार्ड. मधली जाळी तशीच ठेवलेली, तिच्या अलीकडे माजघर आणि ओसरी, पलीकडे अंगण आणि बाहेर. एखादा पक्ष जाळी ओलांडून गेला की सर असे काही ओरडायचे की वर काकूंच्या हातातला चमचा पडायचा. वर-खाली पळताना त्यांच्या पायांत लोकरीचे मोजे आणि त्यावर कोल्हापुरी चपला, बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी. कार्डाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम. एकदा मी चहाचा कप ठेवायला दोन कार्डं जरा सरकवली तर म्हणाले, "हे काय करून राहिली? तू आत्ता दोन पक्षांवरची बंदी उठवली!"

मला त्यांनी कामावर घेतलं तेव्हा मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता. "घरात गट किती?" मला पटकन कळलं. माझे बाबा एका गटात आणि सख्खे काका दुसऱ्या, त्यामुळे आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला दोन मिरवणुका निघायच्या आणि आई दोन्हीकडच्या लोकांना सरबत द्यायची. हे सांगितल्यावर सर खुर्चीतून उठले, खोलीत एक फेरी मारली आणि म्हणाले, "बस! बाकीचं शिकवता येतं." माझे मार्क त्यांनी शेवटपर्यंत पाहिले नाहीत.

त्यांचं वर्गीकरण फक्त त्या देशापुरतं राहतं तर काकूंचं आयुष्य सोपं गेलं असतं. पण एका गणपतीत आमच्या मराठी मंडळात खरोखरच उठाव झाला. आरती संपता संपता खजिनदारांनी माइक हातात घेतला आणि जुनी कार्यकारिणी बरखास्त झाल्याचं जाहीर केलं. लोक सुन्न. सर मात्र आनंदानं लाल झाले. "डोळ्यासमोर! अगं, डोळ्यासमोर!" असं म्हणत त्यांनी कागदी ताटली उलटी केली आणि जेवणाच्या रांगेत उभं राहून सगळ्या कुटुंबांचं वर्गीकरण केलं. जे पोळ्या वाढायला उभे राहिले ते माजघरातले. ज्यांना पार्किंग बघायला लावलं ते ओसरीवरचे. मठ्ठा पातळ आहे म्हणून कुरकुर करणारे अंगणातले. ती ताटली नेमकी नव्या अध्यक्षांच्या सासूबाईंच्या हातात पडली. पुढच्या दिवाळीला आम्हा कुणालाच बोलावणं आलं नाही. काकू चिडून म्हणाल्या, "घ्या, झालो आपण बाहेरचे!" काकू पुण्याच्या, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, त्यांना लोकांत मिसळायला आवडायचं. सर म्हणाले, "हो ना! बाहेर राहिल्यावर कसं वाटतं, याची आता घरबसल्या माहिती!" आणि खरंच टिपणं काढायला बसले.

एवढ्या उत्साही माणसात एक मोठी खोट होती. त्यांची चूक कधी झालीच नव्हती. एका रविवारी आम्ही तिघं अ‍ॅन आर्बरला जेवायला निघालो. सर ड्राइव्ह करत होते आणि काकू सांगत होत्या, एक्झिट गेली, अहो, एक्झिट गेली. गाडी दक्षिणेकडे चालली, मिशिगन संपलं, ओहायो लागलं. टोलीडो शहरात एका सँडविचच्या दुकानासमोर गाडी उभी करून सर म्हणाले, "मला टोलीडो बघायचंच होतं." कामातही तोच प्रकार. पक्षांच्या वर्गीकरणाच्या छापून आलेल्या तक्त्यातलं एक अक्षर त्यांनी कधी बदललं नव्हतं. कुणी शंका काढली की म्हणायचे, "पुन्हा वाचा." त्या तक्त्याचं आता पुस्तक होत होतं, आणि त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम होतं.

दोन हजार सात सालच्या फेब्रुवारीत त्यांच्या ऑफिसात एका वकीलबाईंचा फोन आला. मी समोरच होते. त्यांचा एक अशील होता, सुलेमान. त्याच देशातला. तिथे शाळामास्तर आणि आपल्या पक्षाचा जिल्हा चिटणीस होता. लष्कर मागे लागल्यावर पळून आला. इथे गाड्या धुवायच्या दुकानात काम करत होता आणि त्यानं राजकीय आश्रयासाठी अर्ज केला होता. बायको आणि मुलगी तिकडेच लपून. महिन्याभरात सुनावणी होती, आणि सरकारी वकिलांनी त्याच्याविरुद्ध एकच मोठा पुरावा दिला होता. आमचा तक्ता. त्यात सुलेमानचा पक्ष माजघरात होता, जनरलच्या मंत्र्याचा पक्ष म्हणून. ज्याचा पक्ष सत्तेत बसलाय त्याला सत्तेपासून धोका कसला, असा सरकारचा मुद्दा. वकीलबाई म्हणाल्या, "प्रोफेसर, तुमच्या एका ओळीमुळे माझा माणूस विमानात बसणार आहे. तिकडे विमानतळावर त्याची वाट बघणारे लोक आहेत."

सर म्हणाले, "तक्ता बरोबर आहे." फोन ठेवला. मग मला म्हणाले, "तो माणूस खोटं बोलत असेल." पण दिवसभर त्यांनी कुणाचंही वर्गीकरण केलं नाही. संध्याकाळी मी काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी शांतपणे वकीलबाईंचा नंबर घेतला, फोन केला आणि शनिवारी दुपारी सुलेमानला जेवायला बोलावलं. सरांना त्यांनी विचारलं नाही.

सुलेमान आला तो इस्त्रीच्या शर्टात, उंच, अगदी हळू बोलणारा. वरणभात व्यवस्थित जेवला. सर त्याच्याकडे परीक्षकासारखे बघत होते. जेवण झाल्यावर त्याला तळघरात घेऊन गेले, मागोमाग आम्ही दोघी. टेबल बघून सुलेमान थबकला. त्याच्या देशातला प्रत्येक पक्ष मिशिगनमधल्या एका तळघरात मांडलेला होता. तो वाकून एकेक कार्ड वाचायला लागला, मध्येच हसला, एका नावावर क्षणभर हात ठेवला. मग माजघरात त्याला स्वतःचा पक्ष दिसला.

"इथे का?" त्यानं विचारलं.

"कारण तुमच्या पक्षाचे अध्यक्ष मंत्री आहेत," सर म्हणाले. "सरकारी राजपत्रात पक्षाचं नाव आहे. झेंडा आहे. नोंदणी आहे. मी वाचलंय."

"नाव आहे. आम्ही तिथे नाही."

"नाव तिथे आहे म्हणजे पक्ष तिथे आहे!"

"प्रोफेसर, मी चिटणीस होतो. माझं ऑफिस बाजारात होतं. शेवटी मला माझ्याच ऑफिसात जाता येईना. दाराला दोन कुलपं होती."

"दोन?" सर म्हणाले.

"एक आमचं. एक त्यांचं. माझ्याकडे एकाचीच किल्ली होती."

सर सुलेमानकडे बघत होते, पण त्यांना सुलेमान दिसत नव्हता. नंतर त्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांना त्यांच्या तालुक्याचं गाव दिसत होतं. त्यांचे वडील पक्षाचे कार्यकर्ते होते. पक्ष फुटला तेव्हा एसटी स्टँडसमोरच्या ऑफिसला दोन्ही गटांनी आपापलं कुलूप घातलं. आत कुणालाच जाता येईना. आत टाइपरायटर होता, सतरंज्या होत्या, वडिलांची छत्री होती. शाळेत जाता-येता सर ती दोन कुलपं बघायचे. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की पक्ष फुटला की पाटी एकाकडे जाते आणि माणसं दुसरीकडे. म्हणून तर आमच्याकडे पक्षाच्या नावापुढे कंस करून गटाचं नाव लिहितात. कुणी पक्षाचं नाव सांगितलं की आपण आधी विचारतो, कोणता गट? मुलाखतीत मला गट विचारणाऱ्या माणसानं एका अख्ख्या देशाला तो प्रश्न विचारला नव्हता. माझ्याही डोक्यात आला नव्हता. इंग्रजी कागद वाचता वाचता आम्ही दोघंही परदेशी झालो होतो.

"फुटला होता!" सर एकदम ओरडले. "बापा रे, फुटला होता! पाटी जनरलनं मंत्र्याच्या गटाला दिली! आणि मी पाटी वाचत बसलो!" त्यांनी सुलेमानला खांद्यांना धरून गदागदा हलवलं. सुलेमान घाबरला. मग ते धावत वर गेले, काकूंची शिवणाची कात्री घेऊन आले, आणि ज्या कार्डांना कुणी हात लावायचा नाही त्यातलं ते कार्ड त्यांनी मधोमध कापलं. अर्धं माजघरात ठेवलं. अर्धं जाळीवरून पलीकडे नेऊन बाहेरच्यांत ठेवलं, अगदी टेबलाच्या कडेला. "चूक!" ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की बघत राहावं. "काय सुंदर चूक आहे बघ! मुळातच चूक! माझी!" काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही.

पण कोर्टाला दोन कुलपांची गोष्ट पुरणार नव्हती. पुढचे आठवडे आम्ही लायब्ररीत अक्षरशः मुक्काम ठोकला. तिकडची फ्रेंच वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर होती, मला फ्रेंच अर्धवट यायचं, सरांना अजिबात नाही, तरी ते माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत "पुढे! पुढे!" करायचे. दर दोन मिनिटांनी काहीतरी सापडल्यासारखं ओरडायचे, आणि लायब्ररीतल्या बाई बोट ओठांवर ठेवायच्या. शेवटी एका गुरुवारी दुपारी आतल्या पानावर ती सापडली. छोटीशी बातमी. दोन्ही गटांनी पक्षाच्या नावावर दावा केला होता आणि निवडणूक कचेरीनं नाव आणि झेंडा मंत्र्याच्या गटाला दिला होता. दुसऱ्या गटाचे जिल्हा चिटणीस फरारी असल्याचं खाली लिहिलं होतं. सरांनी त्या लायब्ररीतल्या बाईंना मिठीच मारली. त्याच संध्याकाळी त्यांनी प्रकाशकाला फोन करून पुस्तक थांबवलं. प्रकाशक काय बोलला ते मला कळलं नाही, पण सर म्हणत होते, "नाही, एक पान नाही. सगळं पुन्हा बघणार. आणखी किती फुटलेत कुणास ठाऊक!" आणि हे सांगताना ते दिवाळीचे फटाके आणल्यासारखे खूश होते.

सुनावणी डेट्रॉइटमध्ये झाली. सुलेमाननं परवानगी दिल्यामुळे काकू आणि मी मागे बसलो. खोली लहान होती, न्यायाधीश वयस्कर, चष्म्यावरून बघणारे. सुलेमान आधी बोलला, हळू आणि नीट. मग सर. वकीलबाईंनी बातमी दाखवली, सरांनी समजावली. मग सरकारी वकील उठल्या. हुशार होत्या. त्यांनी सरांचा छापील तक्ता वर धरला.

"प्रोफेसर, हा तुमचा तक्ता?"

"माझाच."

"यावर तुमचं नाव आहे. तज्ज्ञांनी तपासून छापलाय. तो चुकीचा आहे असं तुमचं म्हणणं आहे का?"

काकूंनी माझा हात घट्ट धरला आणि पुटपुटल्या, "आता टोलीडो नको रे देवा."

"चुकीचा आहे," सर म्हणाले. आणि एकदा तोंडातून निघाल्यावर मग काय विचारता! ते उभेच राहिले. "पूर्ण चुकीचा! आणि का चुकला ते सांगतो, फार मजेदार आहे." न्यायाधीशांनी बसायला सांगितलं. बसले, पुन्हा उठले. त्यांनी फुटलेल्या पक्षाचं काय होतं ते सांगितलं, पाटी कुणाकडे जाते, माणसं कुठे जातात, जनरलला पाटी का लागते. एसटी स्टँडसमोरचं ऑफिस सांगितलं, वडिलांची छत्री सांगितली. वकीलबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली होती.

सरकारी वकील म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा तुम्ही खात्रीनं सांगत होता आणि आजही खात्रीनं सांगताय. आजचं आम्ही का मानावं?"

"कारण मॅडम, लग्न झाल्यापासून मी माझी एकही चूक कबूल केलेली नाही. ही पहिली. माझी बायको मागे बसली आहे, तिला विचारा."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून मागे बघितलं. काकू मान हलवत होत्या, हो, हो, हो, अशी जोरजोरात. न्यायाधीश हसले. "साक्षीदाराची पत्नी दुजोरा देत आहे," ते म्हणाले, "पण हे नोंदीत घेऊ नका."

निकाल त्याच दुपारी मिळाला. न्यायाधीश बराच वेळ वाचत होते. कायद्याची भाषा मला नीट कळेना, मी नुसती सुलेमानच्या पाठीकडे बघत होते. मग ती पाठ एकदम खाली गेली, आणि वकीलबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आश्रय मिळाला होता. आता बायको आणि मुलीलाही आणता येणार होतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी माझा फोन सुलेमानला दिला. त्यानं बराच लांबलचक नंबर लावला. पलीकडे बायको होती. तो त्यांच्या भाषेत बोलायला लागला आणि पहिल्याच वाक्याला त्याचा आवाज फुटला. इकडे सरांना कुठला धीर. ते त्याच्याभोवती फेऱ्या मारत मोठमोठ्यानं म्हणत होते, "विचार तिला, तिकडे आता आणखी कोण फुटून राहिलंय! बाजारात काय बोलतात विचार! मुलगी कितवीत आहे?" काकू त्यांचा कोट ओढत होत्या. कॉरिडॉरमधला पहारेकरी आमच्याकडे यायला निघाला होता.

सुलेमाननं फोनवर काहीतरी ऐकलं, सरांकडे बघितलं आणि एक छोटंसं वाक्य बोलला.

"काय? काय विचारलं तिनं?" सर म्हणाले.

"ती विचारते, मागे कोण माणूस ओरडतोय. तुझ्यावर ओरडतोय का?"

"आणि तू काय सांगितलं?"

सुलेमाननं डोळे पुसले. "म्हटलं, घाबरू नकोस. आपल्या पक्षाचा आहे."

सरांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, हातात धरली, आणि तसेच त्या पिवळट कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. काकूंनी हळूच त्यांच्या कोटाची बटणं लावायला घेतली, आणि त्यांनी ती लहान मुलासारखी लावू दिली.